व्याह्यांच्या दारात ओली सायकल

सायकलीतलं ह्या आबाला कळत नाही असं म्हणणारा माणूस शिरूर तालुक्यात अजून जन्मला नाही. दौंड तालुक्यात एक जन्मलाय, पण तो माझा व्याही आहे, त्यामुळं धरायचा नाही.

मी चौथीत शाळा सोडली आणि सायकल धरली. (शाळाही मला सोडणारच होती, पण पहिला नंबर माझा!) वडगाव रासाईत गोळा केलेलं दूध कॅन लटकवून डेअरीला घालायचो. चिखलातनं, ढेकळातनं, ओढ्यातनं. सायकल कधी आडवी झाली नाही आणि दुधात थेंबभर पाणी कधी पडलं नाही. पण राहू गावचे आमचे व्याही बापूसाहेब माझ्या लेकीच्या लग्नापासनं एकच पालुपद लावून बसलेत.

"आबांचं दूध लई सोच्छ हो! पेला भरला तरी बुडावरचं नाव वाचता यायचं!"

पडला वरपक्ष. दात दाखवायचे आणि गप बसायचं.

तर आमची नात सायली. रांजणगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर असते. तिनं एक दिवस जाहीर केलं, की सायकलीवर बिऱ्हाड बांधून ती कोकणात उतरणार, आणि तेही डांबरी सोडून, मातीच्या वाटांनी! घरात नुसता गलका. मी एकट्यानं मिशीला पीळ दिला.

"जाऊ द्या की पोरीला! पर सायकल मी निवडणार."

पुण्याच्या दुकानात गेलो. तिथल्या पोऱ्यानं एक सायकल एका बोटावर उचलून दाखवली. "सर, ही बघा. ॲल्युमिनियम. एकदम लाइट."

मी नळीवर टिचकी मारली. "ह्यो आवाज आमच्या च्याच्या पातेल्याचा हाय. लोखंडी दाव."

"आबा, स्टील म्हणतात," सायली माझी बंडी ओढत पुटपुटली.

पण तो पोऱ्या म्हणाला, "बरोबर आहे सरांचं. सामान लादून लांब जायचं तर स्टीलच. खड्ड्यात जरा लवतं, दणका पोटात घेतं. आणि मोडलंच, तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला जोडून देतो."

मी दुकानभर नजर फिरवली. कोणी ऐकलं नसेल तर त्यानं परत सांगावं, अशी माझी इच्छा होती.

मग आली टायरांची पाळी. मी म्हटलं, "अरुंद टायर आन् दगडावानी हवा!"

सायली म्हणाली, "आबा, मातीत रुंद टायर लागतं. मधे जरा गुळगुळीत, म्हणजे डांबरीवर पळतं. कडांना वर आलेल्या गुट्ट्या, म्हणजे वळणावर माती धरतं. आणि हवा कमीच ठेवायची, तरच पकड येते."

पकड! तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तर ट्रॅक्टरचं शास्त्र! (उगाच पोरीला शहाणी म्हणत होतो, मूळ अक्कल आमच्या शेडातली.) टायरात ट्यूबच नव्हती. पोऱ्यानं आत बाटलीभर पांढरं औषध ओतलं आणि टायर बसवलं. मला हसूच आलं. एवढ्याशानं काय होतंय? नांगरटीला चाक जमीन सोडायला लागलं, की आम्ही ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरतो. मग चाक जमीन असं धरतं, की घसरायचं नाव काढत नाही! शहरातल्यांचा हातच आखडता. पण मी बोललो नाही. आपलं ज्ञान दुकानात फुकट का वाटा?

अन् नेमका त्याच आठवड्यात बापूसाहेबांचा फोन आला. नव्या बंगल्याची वास्तुशांत.

"आबा, गाडी धाडू का? आता तुमचं वय हाय का यष्टी धरायचं?"

"गाडी कशाला? सायकलीवर येतो! रानवाटंनं!"

"व्हय का? मंग आसं करू. अर्ध्यातनं कुणाच्या गाडीत बसून आलात, तर भर मांडवात म्हनायचं, का आमचं दूध पातळ हुतं!"

"कबूल!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग माझ्या ध्यानात आलं, की मी काय पणाला लावलंय. जन्मभराचं दूध!

सायलीशी गोड बोलून सायकल मागितली. ती म्हणाली, "न्या आबा, पण हळू चालवा. मी आजीला घेऊन स्कूटीवर मागं असते." एवढी शहाणी पोरगी, पण टायरात काय करू नका, हे सांगायचं तिला सुचलं नाही. तेव्हा पुढचा दोष निम्मा तिचा.

आदल्या दिवशी घरात कोणी नसताना मी सायकल उलटी केली, वॉल्व्हची पिन काढली आणि उसावर औषध मारायचा फवारणी पंप लावून दोन्ही टायरांत पाऊण पाऊण पाणी भरलं. वर पंपानं हवा मारली. उचलून बघितली. दुकानात जी एका हाताला यायची, ती आता गाभण म्हशीसारखी जागची हलेना. म्हटलं, हिला म्हणायची पकड!

सकाळी फेटा बांधला, आहेराची पिशवी मागं आवळली आणि निघालो. चाकातनं आवाज, 'डबूक! डबूक!' रस्त्याकडंच्या म्हशींनी माना वर केल्या. त्यांना वाटलं, कोणी पाणी पाजायला आलं.

मागनं स्कूटीवरनं आमची मंडळी ओरडली, "अवं, कसला आवाज येतोय?"

"पकडीचा!"

भीमेच्या पुलाच्या चढाला माझ्या पायांत गोळे आले. खाली उतरलो असतो, पण मागं बायको होती. उताराला ब्रेक दाबला, तर चाक थांबायचं आणि आतलं पाणी थांबायचं नाही. सायकल मला मागनं ढकलत पुढं नेई. तरी राहूच्या रानवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधे वेडी बाभूळ, आणि वाटेवर तिच्या काट्यांची पसरण. मी मुद्दाम वळसा घेतला नाही. आपलं टायर रुंद!

काटे गेले की आत! आणि दोन्ही चाकांनी बारीक धारा धरल्या. चाक फिरतंय, धारा गोल उडतायत. आमच्या रानातलं तुषार सिंचन सुद्धा एवढं एकसारखं भिजवत नाही!

"आबा, थांबा!" सायली किंचाळली. "पाणी कुठनं येतंय?"

थांबतो कशाला? समोर मांडव दिसत होता! आता उतरलो तर दूध गेलं! मी दात आवळून पायडल मारलं. दारातली रांगोळी धुतली, दोन खुर्च्या भिजवल्या. बापूसाहेब पांढऱ्या शुभ्र धोतरात हात पसरून पुढं आले, "या, या, या..." आणि तिसऱ्या 'या'ला पुढच्या चाकाची धार थेट त्यांच्या तोंडात! मग सायकल, मी आणि ते, तिघं एकदम बसलो.

बापूसाहेबांच्या मिशीवरनं पांढरट पाणी ठिबकत होतं. त्यांनी ते थुंकलं, ओठ पुसले, चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आबा," ते भर मांडवात म्हणाले, "आजबी पातळच!"

असा हशा उठला, की भटजींचा मंत्र चुकला.

सायलीनं डोक्याला हात लावला. "आबा, ते औषध काट्याचं भोक आतनं बुजवतं! पाणी घालून तुम्ही त्याचं ताक केलंत!"

आम्ही आणलेला आहेर बापूसाहेबांना तिथंच नेसवावा लागला. धोतर, उपरणं, टोपी, सगळं लगेच अंगी लागलं. कोणाचा आहेर इतक्या लवकर उपयोगी पडलाय?

सायली टायर धुऊन, नवं औषध घालून कोकणात जाऊन आली. सायकल काडीभर वाकली नाही. तेव्हापासनं गावातली पोरं मला विचारायला येतात आणि मी ठासून सांगतो: स्टीलची घे, रुंद टायर घे, हवा कमी ठेव. आणि टायरात काय भरायचं ते राहूला आमच्या पाव्हण्यांना विचार.

त्यांनी चव घेतलीय.