आडवा वेग

आज फळ्यावरचा चेंडू सरळ खाली पडला, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या मुलीला भौतिकशास्त्र शिकवतात ते मास्तर तेच, ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मला नापास होता होता वाचवलं. दुमजली घर, वरच्या मजल्यावर एक फळा, तीन बाकं आणि मास्तर एकटे. खाली धाकटा भाऊ आणि भावजय. भावाभावांत अबोला. का, ते आता दोघांनाही धड सांगता यायचं नाही.

फेकलेल्या चेंडूचं गणित आलं की मास्तर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावत. डावीकडे आडवं, उजवीकडे उभं. "या दोघांची बोलाचाल नाही," म्हणायचे, "सामाईक एकच, वेळ. आमच्या घरासारखं." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण जरा उशिरा.

चूक सगळे एकच करायचे. चेंडू सर्वांत वर पोचला की वेग शून्य लिहून मोकळे. मास्तर खडू खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, आडवा वेग कोणी चोरला? शून्य होतो तो फक्त उभा. आडवा होता तेवढाच राहतो, म्हणून तर चेंडू पुढे जाऊन पडतो. हा टोमणा खाल्ला नाही असा एकही विद्यार्थी नसेल.

आज त्यांनी स्वतःच दोन्ही बाजूंना शून्य लिहिलं आणि चेंडू वरून ओळंब्यासारखा खाली आणला. मुलीला वाटलं, मुद्दाम परीक्षा बघताहेत. तिनं त्यांचाच टोमणा परत केला, "मास्तर, आडवा वेग कोणी चोरला?"

ते हसले नाहीत. फळ्याकडे बघत म्हणाले, "कोणता?"

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. दूध आटून पातेलं काळं झालं होतं. गॅस मुलीनंच बंद केला. निघताना त्यांनी तिला बजावलं, घरी बोलू नकोस, झोप झाली नाही एवढंच. मागच्या आठवड्यातही पातेलं करपलं होतं, हे तिनं मला आज जेवताना सांगितलं.

मी संध्याकाळपासून स्वतःची समजूत घालते आहे. चूक कुणाच्या हातून होत नाही? आणि भावाला कळलेलं मास्तरांना मुळीच खपणार नाही. पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. मुलीची शिकवणीही सुटेल, परीक्षा दोन महिन्यांवर.

पण ते रोज सकाळी उठून एकट्यानं चहा टाकतात. आग लागली तर ती काही अबोला पाळणार नाही.

खालचा नंबर माझ्याकडे आहे. मास्तर फोन उचलेनात की मी तिथं करते. भावजय "वर आहेत" एवढंच सांगून ठेवून देते. आता साडेअकरा झालेत, त्यांना उठवावं लागेल. उठवीन. आणि भावजयीला सांगेन, बोलायचंय भावोजींबद्दलच, पण फोन तुमच्या यजमानांना द्या.