यशोदाबाईंनी अडवलेला शब्द

यशोदाबाईंना वाचता येत नव्हतं. पण कागद कोणताही असो, त्या तो तीनदा वाचून घेत. डोळे मिटून ऐकत आणि चौथ्यांदा स्वतःच म्हणून दाखवत. आपण एखादा शब्द गाळला असला, तर नेमकं तिथंच थांबत. "कागद मुका रायते भाऊ," म्हणत, "त्याले बोलतं केल्याबिगर मी अंगठा देत नाही."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी फिटर होतो आणि युनियनचा चिटणीसही. यशोदाबाई यंत्रात कापूस घालत. दर हंगामाला भरती नव्यानं व्हायची. मुकादम फाटकाशी उभा राहून बोटानं माणसं निवडायचा. बौद्ध वस्तीतल्या बाया शेवटी उरत. बाळंतिणीला तर तो धरतच नसे.

त्या वर्षी शेठ पहिल्यांदाच लेखी कराराला तयार झाले. युनियनच्या पाच जणांच्या सह्या हव्या होत्या. पाचव्या यशोदाबाई, बायांनी निवडून दिलेल्या. मॅनेजरनं मसुदा वाचला : 'मागील हंगामातील कामगारांस मुकादमाच्या पसंतीने प्रथम घ्यावे.' आम्ही चौघांनी सह्या केल्या.

"पुन्हा वाचा," यशोदाबाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी डोळे उघडले. "पसंती काऊन? ज्यानं काम केलं त्याचं नाव हजेरीत हाय. मंग मुकादमानं काय पसंत करा लागते?"

"बाई, तेवढं राहू द्या," मॅनेजर म्हणाला. "तुम्हाला बारमाही करतो. आत्ता लिहून देतो."

"माह्यासाठी नाही आली मी."

बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. संध्याकाळपर्यंत करार झाला नाही तर बाहेरगावची माणसं आणू, असं शेठनं बजावलं होतं. मी यशोदाबाईंना ओसरीत नेलं. "एका शब्दापायी सगळ्यांचं काम घालवता काय, बाई?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाले फाटकावर उभं रायलेलं मी कधी पायलं नाही भाऊ. तुमाले तं घरून बोलावते."

आत जाऊन मी माझी सही खोडली. आमचाच एक जण माझ्या अंगावर धावून आला, "येडा झाला काय बे!" यशोदाबाईंनी सांगितलं तसं मी कागदावर लिहिलं : पसंती नको, भेद नको, बाळंतिणीचे दिवस धरा. मॅनेजर तो घेऊन शेठकडे गेला. तास झाला, दीड तास झाला. बाहेर गाड्यांची रांग वाढतच होती.

कागद परत आला : 'जात, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद न करता मागील हजेरीचे दिवस जास्त त्यास प्रथम, या क्रमाने घ्यावे, बाळंतपणाचे दिवस हजेरीत धरावेत.' यशोदाबाईंनी तो तीनदा ऐकला आणि अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी चिटणीस म्हणून मी यादी करायला बसलो, तर त्यांचं नाव पार खाली. मागच्या हंगामात त्या लेकीच्या बाळंतपणाला जानेफळला जाऊन राहिल्या होत्या. करारात लेकीचं बाळंतपण धरलेलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. माह्ये खाडे मले माहीत नसतीन काय?"

"नाव वर घेतो. कोणाला कळणार नाही."

"घ्या," त्या म्हणाल्या. "मंग मुकादमात अन् तुमच्यात फरक सांगा मले."

मी नाव खालीच ठेवलं. कापूस वाढेल तशी रोज थोडी नावं मी फाटकावर पुकारायचो. अठरा दिवस त्या रोज सकाळी फाटकाबाहेर येऊन बसत आणि पुकारलेली नावं डोळे मिटून ऐकत, क्रम चुकतो का म्हणून. एकोणिसाव्या दिवशी मी वाचलं, "यशोदाबाई नारायण इंगळे." मुकादम बाजूला सरला. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या आत गेल्या.