गढीच्या दारातली वेणी

शाळेची पहिली घंटा झाली होती. दारात आमच्या गावाकडच्या घरचा सालदार उखा उभा, डोक्याचं मुंडासं हातात. "मास्तरीनबाई, तुमनी जमनाफुई गयी. छकडा आणेल शे, चाला." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. त्याला आज सहा आठवडे झाले. तिच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायला बसले, की एकच आठवण पुढे येऊन बसते. तीच लिहिते, म्हणजे निदान खरं तरी लिहिलं जाईल.

फुई पंधराव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, तापीकाठच्या घरी परत आली ती कायमची. गोठ्यामागे तिनं शेवंती लावली होती. गावातल्या सगळ्या देवांना आणि सगळ्या सुनांना फुलं तिची. तिच्या केसांत मात्र कधी पाकळीसुद्धा नाही. मी आठ वर्षांची असताना पलीकडच्या गढीच्या इनामदारांनी, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर पाहून आल्यावर, गढीत फुलांचा मेळा भरवला. फुईनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मागितलं. "दादा, एकडाव देखी येस ना..." बाप कुरकुरला, पण पोरीला सांभाळायला कुणीतरी हवंच, म्हणून तिला छकड्यात घेतलं.

गढीच्या दगडी दरवाज्यात इनामदारांची सून टोपली घेऊन उभी होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला शेवंतीची वेणी देत होती. गर्दी दाटलेली, फुईनं पदर कपाळाखाली ओढलेला. सुनेनं न बघताच तिच्याही हातात वेणी ठेवली. फुईनं ती परत केली नाही. नाकाशी नेली, डोळे मिटले... आणि मी, आठ वर्षांची शहाणी, ओरडले, "ओ काकी, फुईले देऊ नका! तिले फूल चालत नही!"

सुनेनं दोन बोटांनी वेणी ओढून घेतली आणि पायरीखाली टाकली. "अवं बाई, तुले समजत नही का?" मागच्या एका बाईनं माझी हनुवटी धरली. "कितली समज शे पोरले!" मी फुगले. खोटं कशाला सांगू, पुढचे चार दिवस त्या कौतुकातच होते. फुई मेळा संपेपर्यंत बाहेर छकड्यात बसून राहिली. परतताना मीच तिला सगळं रंगवून सांगत होते. तिनं विचारलं, "गुलाब केवढा व्हता?" मी मूठ दाखवली. ती मुठीकडे बघत राहिली. म्हणाली, "बरं झायं, तुले तं देखाले भेटनं."

पुढच्या हंगामात शेवंतीच्या जागी तिनं कांदे लावले. बापानं का म्हणून विचारलंही नाही.

माझ्या शिक्षणासाठी बापाशी भांडली ती हीच फुई. तिच्यामुळे मी मास्तरीण झाले, विधवांच्या हालांवर सभांतून तास तास बोलले, टाळ्या घेतल्या. तिची माफी मागायची मात्र राहिली. दर दिवाळीला मनाशी ठरवून जायची आणि तिच्या हातचं जेवून परत यायची. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला नेमकं तिथंच हाड फुटायचं.

फुई गेल्याचा निरोप आला त्या दिवशी नंदुरबारच्या बाजारात उख्याला छकडा थांबवायला लावला आणि शेवंतीची वेणी घेतली. घरी फुईला अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. पिकलेले केस ओलेच होते. मी पिशवीतून वेणी काढून तिच्या डोक्याकडे हात नेला, तेवढ्यात थोरली काकू म्हणाली, "हाई काय? ती काय सवाशीण गयी का?" सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. सभेत बोलणारी मास्तरीण आता काहीतरी बोलेल, असं त्यांनाही वाटलं असेल. मलाही वाटलं होतं...

मी वेणी पिशवीत ठेवली.

ती पिशवी माझ्या खोलीत खुंटीला आहे. आतल्या फुलांचा एव्हाना भुसा झाला असेल. शाळेत निघताना रोज तिच्यापर्यंत हात जातो, आणि मी दुसरी पिशवी घेते.