पाच मिनिटं गप्प

कशेळ्याच्या जीप स्टँडमागे बाजाराच्या दिवशी आरोग्य खात्याच्या एक आशाताई बीपी मोजायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माणसाला त्या आधी खुर्चीत टेकून बसवत. पाय जमिनीवर, हात टेबलावर आणि पाच मिनिटं गप्प. कोणी मधे बोललं की पाच मिनिटं पहिल्यापासून.

"म्हस व्याली का रं?" खुर्चीतल्या आजोबांनी रस्त्यावरच्या कोणाला तरी विचारलं.

"म्हशीचं नंतर, बाबा. बसा परत."

जीपवाला हॉर्न वाजवत असला तरी त्या दोनदा मोजत आणि मगच लिहीत. मला त्या सबुरीचं फार कौतुक वाटायचं.

एकदा माझी पाळी आली. गप्प बसलो असताना, इतकी वर्षं कोणाला न सांगितलेलं तोंडातून निघून गेलं.

"आईचं बीपी मी घरी मोजायचो. म्हणजे, मोजायचोच नाही. कंटाळा यायचा. वहीत मनानेच चांगले आकडे लिहायचो. डॉक्टरांनी ते बघून गोळी तीच ठेवली. मग तिला लकवा झाला."

आता या रागावतील, नाहीतर समजूत घालतील, असं वाटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बोललात तुमी. पाच मिनिटं परत."

माझी जीप निघून गेली. त्याही समोर गप्प बसून राहिल्या. मग त्यांनी दोनदा मोजलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"तुमीच लिवा."

आकडा चांगला नव्हता. मी तो तसाच लिहिला.