नाव कुणी घ्यायचं

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तू खेड्यातल्या बायकांना सक्षम करायचीस म्हणे. म्हणजे नक्की काय करायचीस?" फोनवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता नीट लिहिते.

मी नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. लातूर नवा जिल्हा झाला, तुमच्या आजोबांची बदली तिकडे झाली, आणि नोकरी सोडून मीही गेले. नव्या जिल्ह्याचा संसार अजून पुरता मांडलेला नव्हता. काही खाती भाड्याच्या घरांत होती, टेबलं व्हरांड्यात. पण लोकांना त्याचं फार अप्रूप. आधी दाद मागायची तर उस्मानाबादेला जावं लागायचं, अख्खा दिवस मोडायचा. आता जिल्हा दारात आला होता. पाऊस तेवढा येत नव्हता.

एका महिला मंडळाच्या वतीने मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारच्या एसटीने जवळच्या गावात जायची. शाळेच्या व्हरांड्यात बायका जमायच्या. आधी अक्षरं, मग बोलण्याचा सराव, असं मी ठरवून टाकलं होतं. सभेत उभं राहायचं, मान वर ठेवायची, आधी काय घडलं ते सांगायचं आणि मग काय हवं ते मागायचं. ज्याला आपलं म्हणणं मांडता येतं त्याला हक्क मिळतो, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. माझा त्यावर विश्वास होता.

त्या बायकांत एक तिशीच्या आतली होती. शाळा फारशी झालेली नव्हती, पण आवाज खणखणीत. ग्रामसेवकाची नक्कल अशी करायची की सगळ्या पदर तोंडात कोंबून हसायच्या. सगळ्यांच्या वतीने तिनेच बोलायचं असं ठरलं.

बोलायचं होतं टँकरबद्दल. पहाटे येणारा सरकारी टँकर गावविहिरीत रिता व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो आधी एका मळ्यातल्या खाजगी विहिरीवर जायचा. निम्मं पाणी तिथे सोडायचा आणि उरलेलं गावाला. अंधारात घागरी घेऊन उभ्या असणाऱ्या बायकांनी हे रोज डोळ्यांनी पाहिलेलं. तो मळा होता तिच्या थोरल्या चुलतदिराचा. तिकडे थोरल्या दिराला भाया म्हणतात. भायाकडे कुठलं पद नव्हतं. मात्र त्याच्या मर्जीशिवाय गावात कुणी सरपंच होत नसे.

जिल्ह्याचे साहेब जीपने आले तेव्हा मारुतीच्या पारापुढे सभा भरली. भाया पुढेच बसला होता, पानाला चुना लावत. ती उठली, आणि अगदी सरावात बोलायची तशी बोलली.

"साहेब, टँकर आधी मळ्यात जातो. निम्मा तिथं रिता होतो अन् मग गावात येतो. आमी रोज बघायलोय. त्यो थेट गावविहिरीवर यावा."

"कुणाच्या मळ्यात?"

"आमच्या भायाच्या."

"म्हणजे कोण? नाव सांगा, बाई."

ती थांबली. तिथली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही तसंच भायाचंही घेत नाही. तोंडावर तर नाहीच नाही. गाव सगळं एका भावकीचं, आणि तिच्यात तो सगळ्यांत थोरला. गावात लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई एकतर त्याची भावजय, नाहीतर सून. सरावात ती नुसतं "भाया" म्हणायची. सगळ्यांना कळायचं, मलाही, म्हणून आम्ही पुढे जायचो.

मागून एक म्हातारी म्हणाली, "वडाचा मळा म्हून लिवा की, साहेब."

"तिथं घरं किती?"

"हायती चार-पाच," सरपंच म्हणाला.

भायाने पान तोंडात टाकलं. "साहेब, नावच न्हाई तर चौकशी कुणाची करावं? समद्यांची अब्रू कशाला घालवता?" मग तिच्याकडे न पाहता तिच्या नवऱ्याला म्हणाला, "घरच्यांना म्हणावं, ऊन लई झालंय. आत जावा."

"बाईनं समदं शिकवलं," कुणीतरी ओरडलं, "नाव तेवढं शिकवायचं राहिलं!" पुरुष खो-खो हसले.

ती अजून उभीच होती. मग मी उठले आणि त्याचं नाव घेतलं, आडनावासकट.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आपण स्वतः पाहिलंत?"

टँकर पहाटे यायचा आणि मी दुपारच्या गाडीने. "नाही," मी म्हणाले.

"याच गावच्या का आपण?"

"नाही."

ज्यांनी पाहिलं होतं त्यांना नाव घेता येत नव्हतं, आणि माझ्या नाव घेण्याला किंमत नव्हती. साहेब माणूस वाईट नव्हता. जाताना माझ्याशी इंग्रजीत बोलला, सहानुभूती असल्याचं सांगितलं. इंग्रजी फार छान होतं त्याचं.

टँकर मळ्यात जातच राहिला. भावकीतली म्हणून तिला भायाच्या विहिरीवरून घागरभर पाणी मिळायचं, ते बंद झालं. नवऱ्याने तिला मारलं का, हे मी विचारलं नाही. गालावर दिसत होतं.

पुढच्या शुक्रवारी मी घरून पाण्याचा एक कॅन भरून नेला. लहान लेकीला घेऊन ती व्हरांड्यात एकटीच बसली होती. बाकीच्या बायका शाळेच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या, आत यायला धजत नव्हत्या. मी कॅन तिच्यापुढे ठेवला.

"एकटीनं कसं घ्यावं, बाई? समद्या बघायल्यात."

तिने त्यांना हाका मारल्या. त्या आल्या. प्रत्येकीला तिने थोडं थोडं ओतून दिलं. तिच्या स्वतःच्या वाट्याला तळाचं आलं, ते तिने लेकीला पाजलं. बायका तोंड पुसत पुन्हा बाहेर गेल्या. तिने कॅनचं झाकण घट्ट लावून तो माझ्या हातात दिला आणि फळ्यासमोर मांडी घालून बसली.

"बोला बाई," ती म्हणाली, "आज काय बोलायला शिकवता?"

मी खडू हातात घेतला आणि आधीच कोरा असलेला फळा पुसत राहिले. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. परतीची ती एकच गाडी होती. रिकामा कॅन घेऊन मी निघाले.