मथुराअक्काचा राग

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात मथुराअक्का पॅकिंगला होती. सरकत्या बेल्टवरून गोळ्यांच्या स्ट्रिप भराभर पुढं जायच्या. एखाद्या स्ट्रिपमधला खण रिकामा राहिला असेल, तर शेजारणीशी गप्पा मारता मारता तिचा हात नेमका त्या स्ट्रिपवर पडायचा. लग्नाआधीपासूनची नोकरी. नवरा अरविंद जवळच्याच एका टूलरूममध्ये कामाला. मुलगी रक्षिता शिकून एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत लागलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं घर. कुणी खुशाली विचारली की ती म्हणायची, "सगळं सरी आहे बघा." सरी म्हणजे ठीक.

तिचं माहेर देवनहळ्ळीचं. किल्ल्यापलीकडं वडिलांची, अप्पासाहेबांची, चक्कोताची बाग होती. चक्कोत म्हणजे पपनस. तिथली पपनसं आतून लालसर आणि मधासारखी गोड. वडील गेल्यावर आई त्या बागेतच राहिली. मथुराअक्का सत्तेचाळिसाची झाली त्या वर्षी आई गेली, आणि धाकट्या भावानं, शंभूराजनं, बाग प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याला द्यायची ठरवली. तेव्हा तिनं विरोध केला नाही. "तू तिथं राहतोस, तूच ठरव," एवढंच म्हणाली. पण पुढं एकदा गेली तेव्हा झाडं नव्हती. रस्त्यांसाठी चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या आणि कोपऱ्यात बुंध्यांचा ढीग. ती तशीच बसस्टॉपवर येऊन बसली आणि बसमागून बस सोडत राहिली.

त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. पाळी लांबत चालली होती, रात्री अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली होती. पहाटेच उठून ती घासलेली भांडी पुन्हा घासायची. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि बोलणं सगळं बागेचं. रविवारी न सांगता देवनहळ्ळीची बस धरायची आणि ओळखीच्या मळ्यांतून चक्कोताची रोपं आणायची. गच्ची तेलाच्या डब्यांनी भरून गेली. एक दिवस तिनं अरविंदला सांगितलं, "मी नोकरी सोडते. तिकडं एखादा तुकडा खंडानं घेऊ. चक्कोत लावू."

"अगं, फळ धरायला किती वर्षं लागतात! तोवर काय?"

"तोवर मी जगणार नाही का?" ती म्हणाली.



आईच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. पंगत बसली असताना शंभूराज कुणाला तरी लेआउटचं कौतुक सांगत होता. मथुराअक्का वाढत होती. तिच्या हातातला डाव दणकन खाली पडला. "आईचं वर्ष व्हायच्या आत तिच्या डोक्यावरची सावली विकलीस, आणि वर जेवताना त्याचं कौतुक सांगतोस?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की जेवणाऱ्यांचे हात थांबले. बायका तिला धरून आत घेऊन गेल्या. बाहेर शंभूराज अरविंदला हळूच म्हणाला, "भावजी, अक्काला डॉक्टरांना दाखवा. हे साधं दिसत नाही."

अरविंद वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. त्याची एक आत्या अशीच जागरणं करता करता घराबाहेर पडली होती, ती परत आली नव्हती. म्हणून त्यानं उशीर केला नाही.

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात मथुराअक्का मधल्या खुर्चीत बसली, दोन्हीकडं नवरा आणि भाऊ. डॉक्टर कन्नडमधून विचारत होते आणि उत्तरं ते दोघे देत होते. झोपत नाहीत? नाही. मोठमोठे बेत करतात? हो, नोकरी सोडून बाग लावायची म्हणते. न सांगता बाहेर जातात? जाते. चिडतात? शंभूराजनं डावाची गोष्ट सांगितली.

"डॉक्टर, मला स्वल्प बोलू द्या," मथुराअक्का म्हणाली. आणि मग आपल्याला मध्येच थांबवतील या धास्तीनं ती भराभर बोलत सुटली: आई, झाडं, बुंधे, अंगातल्या वाफा, सगळं एका दमात. डॉक्टरांनी खरंच हात वर करून तिला थांबवलं. तिचा आवाज चढला. "अहो, माझं ऐकून तरी घ्या!"

डॉक्टरांनी अरविंदकडं पाहिलं. "पाहिलंत?"

आजाराचं नाव निघालं: बायपोलर. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या बरीच वर्षं सोडायच्या नाहीत असं बजावलं गेलं.

गोळ्यांनी झोप आली. सकाळी आली, दुपारी आली, बेल्टसमोर उभी असतानाही आली. घर शांत झालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. गच्चीवरची रोपं वाळताना तिला खिडकीतून दिसत होती, पण उठून पाणी घालावं असं मनातच येत नव्हतं. कारखान्यात स्ट्रिपमागून स्ट्रिप जायची आणि तिला नुसती एक करडी फीत वाहताना दिसायची. रिकाम्या खणांचा माल तिच्या नजरेखालून गेला आणि परत आला. मॅनेजर जुना, भला माणूस. तो म्हणाला, "अक्का, आता घरी आराम करा." त्या संध्याकाळी ती खूप रडली. अरविंदनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "ही आजाराची दुसरी बाजू," आणि आणखी एक गोळी वाढवली.

अशी दोन वर्षं गेली. नात्यात कुजबुज पसरली. लोक तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले.

एकदा जेवण झाल्यावर रक्षितानं विचारलं, "आई, काय चघळतेस गं?"

"कुठं काय?"

"तोंड हलतंय तुझं."

मथुराअक्कानं ओठांवर बोटं ठेवली. ओठ आपणहून हलत होते. ती आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि ओठ घट्ट मिटून पाहिले. सोडले की पुन्हा हलायला लागले.

रक्षितानं ऑफिसमध्ये चौकशी करून एचएसआरमधल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञ गाठल्या. डॉक्टर नीलिमा, पुण्याहून आलेल्या. अरविंद सवयीनं सांगायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? मी ताईंशी बोलते."

खोलीत दोघीच उरल्या. "सांगा," डॉक्टर म्हणाल्या आणि पेन बाजूला ठेवलं. मथुराअक्काला पहिल्यांदा शब्दच सापडेनात. मग हळूहळू सापडले. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं, आई कशी होती ते विचारलं, बागेत झाडं कशी उभी होती ते विचारलं. आणखी दोन-तीनदा बोलावलं, तपासण्या करून घेतल्या, रक्षिताशीही बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, मला तो आजार तुमच्यात दिसत नाही. त्या वयात शरीर बदलत होतं, वर आई गेली, बाग गेली. तुम्हाला दुःख झालं होतं, आणि पुढचं आयुष्य वेगळं जगावंसं वाटत होतं."

"मग तेव्हा हे कुणी का नाही म्हटलं?"

डॉक्टरांनी जुन्या गोळ्यांची चिठ्ठी जवळ ओढली. म्हणाल्या, "गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत. मी सांगते तशा कमी करू. तोंडाचं हलणं त्या गोळ्यांमुळं आहे. कमी होईल, पण पूर्ण थांबेलच असं वचन देत नाही."

परत येताना ऑटोत अरविंद रडला. मथुराअक्का रस्त्याकडं बघत होती. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आत हात घालून पाहिलं तरी राग सापडत नव्हता.

गोळ्या उतरत गेल्या. डोकं स्वच्छ झालं, दिवसाची पेंग गेली. ओठ मात्र अजून हलतात. अरविंदनं स्वतःहून म्हटलं, "चल, जमिनीचा तुकडा बघून येऊ. तुझ्या मनात होतं ते करू." ती गेलीही. एका शेताच्या बांधावर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण ते तेव्हाचं होतं हो." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

यंदा रक्षिताचा साखरपुडा झाला. सासरच्यांना आजाराचं कसं सांगायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी मथुराअक्कानंच विहिणीला सरळ सांगून टाकलं. विहीण समजूतदार निघाली. तरी कार्यक्रमात तिची नजर अधूनमधून मथुराअक्काच्या तोंडाकडं वळत होती.

जेवणं सुरू झाली आणि केटररची माणसं मुलाकडच्या म्हाताऱ्या मंडळींना ताटकळत ठेवून तिसरीकडंच वाढू लागली. मथुराअक्का ताडकन उठली. "अहो, तुम्हाला आधी काय सांगितलं होतं? घरची मोठी माणसं उपाशी बसलीत, आणि..." तिचा आवाज हॉलभर गेला. दोन-चार माना वळल्या. शंभूराजनं बायकोकडं पाहिलं. कुणीतरी अरविंदच्या कानाशी लागलं. बहुधा गोळीचंच विचारलं असावं.

तिनं ते पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. खालच्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सरी. राहू दे अण्णा. तुमच्या सवडीनं वाढा." आणि खुर्चीत बसली.

अरविंद माणसांतून वाट काढत तिच्याजवळ आला. "बोल की," तो कळवळून म्हणाला. "बरोबर आहे तुझं. बोल तू."

"नको," मथुराअक्का म्हणाली, आणि हातातला रुमाल ओठांवर धरून समोर बघत राहिली.