कॉलरच्या पेस्टिंगचा फिल्टर

टेलरबाईंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला कव्हर, आणि ती धुवायला टाकली की त्यांच्या जागी घालायला आणखी एक जोड. "मी घरात एका जागी फार वेळ बसत नाही तो याच भीतीने," असं नवरा म्हणायचा. बाईंचे हातच तसे होते. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या शर्टाची खांद्याची शिवण त्यांनी बोटाने चाचपून बघितली होती. तो माणूस दचकून मागे वळला, तेव्हा "दोन सूत सरकलीय" एवढं सांगून बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

समोरची खोली म्हणजे त्यांचं दुकान. दोन शिलाई मशिनं, कापडाच्या कडा गुंफणारं एक ओव्हरलॉक, भिंतीला लावलेलं कटिंगचं टेबल. तेवीस वर्षं त्या इथे शर्ट, पँटी, पडदे आणि शाळेचे युनिफॉर्म शिवत होत्या आणि तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कपडा बिघडला नव्हता. म्हणजे बाईंच्या मते नव्हता. घट्ट झाला असेल तर गिऱ्हाईक जाड झालेलं असायचं, आखूड झाला असेल तर कापड आटलेलं असायचं. चूक पदरात घेणं ही गोष्ट त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. डेपोत सगळे त्याला 'इंजिन' म्हणत, आणि ते नाव त्याला बसमुळे नव्हे, झोपेमुळे पडलं होतं. दुपारी ड्रायव्हरांच्या खोलीत तो आडवा झाला की बाकीचे आपापले डबे उचलून बाहेर झाडाखाली जात. पण घोरण्याचं बाईंना फारसं काही वाटत नसे. त्यांची झोप उडायची ती घोरणं थांबलं की. आवाज एकदम बंद व्हायचा आणि त्याबरोबर श्वासही. बाई उठून बसायच्या आणि मोजायच्या. दहा, पंधरा, कधी वीस. मग एक आचका, आणि गाडी पुन्हा सुरू. कितीतरी वर्षं बाईंची झोप अशी मोजण्यात गेली.

मग एके दिवशी मुलांना सोडून परत येताना तो सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. मागून हॉर्न वाजले, कोणीतरी येऊन दार बडवलं, तेव्हा जाग आली. बस रिकामी होती आणि कुठे ओरखडाही उठला नव्हता. पण डेपोच्या मॅनेजरने त्याला त्याच दिवशी बसवरून उतरवलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून सांगितलं की झोपेत याचा घसा मिटतो आणि श्वास तासाला चाळीस वेळा अडतो. उपाय एकच होता: नाकावर मास्क लावून, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन.

"तीन महिने रोज लावून झोपा," डॉक्टर म्हणाले होते. "मशीनमध्ये एक कार्ड आहे, त्यावर रोजची नोंद होते. नव्वद दिवसांनी ते घेऊन या. आकडे चांगले असले तर तुम्ही पुन्हा बस चालवा. नसले, तर ती नोकरी विसरा."

तेव्हापासून इंजिन डेपोच्या गेटवर खुर्ची टाकून आल्या-गेल्या बसेसच्या वेळा लिहीत होता. त्याच्या बसमधली मुलं आता दुसऱ्याच्या बसमधून त्याला हात करायची. घरी आल्यावर तो हे हसत सांगायचा आणि लगेच आत निघून जायचा.

मशीन घेऊन जी मुलगी आली तिला बाई 'मशीनवाली' म्हणत. तिने सगळं उघडून दाखवलं. मागे एक छोटं झाकण, त्याच्या आत दोन फिल्टर. करडा स्पंजचा, तो दर आठवड्याला कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, टॉवेलात दाबायचा, सावलीत वाळवायचा, आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत बसवायचा नाही. दुसरा पांढरा, पातळ. तो कधीच धुवायचा नाही, मळला की फेकायचा. "आणि काकू," घरावरून एक नजर फिरवून ती म्हणाली, "चालू मशीनवर कव्हर घालायचं नाही." बाईंनी हातातली टेप मुकाट्याने खाली ठेवली.

पहिल्या आठवड्यातच नवरा सकाळी शीळ घालत दाढी करायला लागला. पेपर वाचताना मान पडायची ती पडेना. आणि बाई झोपायला लागल्या. अंथरुणाला पाठ टेकली की सकाळीच जाग. असं आपल्या बाबतीत होऊ शकतं हेच त्या विसरून गेल्या होत्या. त्या मशीनचे पाय धरावेत असं त्यांना वाटायचं. पाय नव्हते, म्हणून त्या ते रोज पुसून घ्यायच्या. दर रविवारी करडा फिल्टर न्हाऊन निघे आणि खिडकीच्या सावलीत वाळत पडे. त्याचा एक जोड होताच, त्यामुळे मशीनचं अडत नसे.

अडलं ते पांढऱ्यावर. महिनाभर टिकायचा तो फिल्टर या घरात आठ दिवसांत मळायचा, कारण झोपायच्या खोलीच्या पडद्यापलीकडेच ओव्हरलॉक चालायचं आणि कापडाचे बारीक तंतू सगळीकडे उडायचे. कोणत्या आठवड्यात काय शिवलं ते फिल्टरवरून कळे. निळ्या युनिफॉर्मच्या आठवड्यात निळसर, आणि एका हॉलचे लाल पडदे आले तेव्हा तर चक्क गुलाबी. पाकिटातले फिल्टर संपले. बाईंनी फोन केला, तर नवीन यायला दहा-बारा दिवस लागतील असं कळलं. नव्वदातले तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

आत बसवलेला फिल्टर पुरता गुलाबी झाला होता. बाईंनी तो बाहेर काढला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला. आणि त्यांना हसू आलं. अरे, हे तर पेस्टिंग. कॉलर ताठ राहावी म्हणून दोन कापडांच्या मध्ये घालतात तेच. त्यांच्या कपाटात त्याचा सबंध ताका पडून होता. असला मळका फिल्टर नवऱ्याच्या नाकापुढे ठेवण्यापेक्षा स्वच्छ पेस्टिंग काय वाईट? त्यांनी माप घेतलं, कापलं, आणि जिवाच्या माणसाचं काम म्हणून एकाच्या जागी दोन थर घेतले. सुटे राहू नयेत म्हणून त्यावरून इस्त्री फिरवली, कडेने ओव्हरलॉक मारलं. झाकणात तो तुकडा असा नेमका बसला की कारखान्यातला काय बसेल. बाई दिवसभर खुशीत होत्या.

आता पेस्टिंगला एका बाजूला गोंद असतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने तो पसरून कापडाची भोकं बुजवतो, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. गोंदासाठीच तर त्या तेवीस वर्षं पेस्टिंग वापरत होत्या. पण कॉलरमधून कोणी श्वास घेत नाही, त्यामुळे तो विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही.

चार-पाच दिवसांनी नवऱ्याची शीळ बंद झाली. सकाळी डोकं धरून बसू लागला. विचारलं तर म्हणे, "काही नाही, ऊन लागलं असेल." नवव्या दिवशी नाश्त्याला बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आणि हातातला चहा मांडीवर सांडला. गरम चहाने तो जागा झाला आणि त्याने बाईंकडे बघितलं.

"कार्डावर काय उमटत असेल गं?" त्याने हळूच विचारलं.

बाईंनी मशीनवालीला फोन केला. आवाज ऐकूनच तिने बाकीची कामं बाजूला ठेवली असावीत, कारण दुपारी बाराच्या आत ती बॅग घेऊन दारात हजर झाली. तिने मशीन चालू केलं, कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या. "कण्हतंय हे. हवा ओढायला मिळत नाहीये त्याला." मग मागचं झाकण उघडलं आणि तो तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला. ओव्हरलॉकची कड तिने गोल फिरवून पाहिली.

"काकू, हे काय आहे?"

कापड आटलं, असं इथे म्हणता येत नव्हतं. मशीनवालीने ओठांसमोर तुकडा धरून फुंकर मारली. पलीकडे हात धरला होता, तिथे वाऱ्याची झुळूकही आली नाही. मग तिने तेच बाईंना करायला लावलं. बाईंनी फुंकलं, पुन्हा फुंकलं, आणि तुकडा हातात तसाच धरून त्या स्टुलावर बसल्या.

ती मुलगी रागावली नाही, ही त्या दिवसांतली पहिली मेहेरबानी. तिने बॅगेतून स्वतःजवळचं फिल्टरांचं पाकीट काढून दिलं, मशीन पडद्याजवळून उचलून पलंगाच्या दुसऱ्या अंगाला ठेवलं आणि ओव्हरलॉक झालं की फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगितली. जाताना मात्र म्हणाली, "यापुढचं ठीक होईल काकू. पण कार्डावर जे उमटलंय ते मला पुसता येत नाही."

उरलेले सहा दिवस दोघांनी एकच गोष्ट घोळवली. डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं? "सर्दी झाली होती म्हणू," नवरा म्हणाला. "सर्दी कोणालाही होते." बाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं असं नाही, पण सुटल्यासारखं जरूर वाटलं.

डॉक्टरांनी कार्ड लावलं आणि स्क्रीनवर नव्वद दिवस एका ओळीत उभे राहिले. बराच वेळ सगळं छान होतं. मग डॉक्टरांचं बोट एका जागी थांबलं. "इथे नऊ दिवस काय भानगड आहे?"

"सर्दी झाली होती," नवरा म्हणाला.

"सर्दी." डॉक्टरांनी पेन उचललं. "साध्या सर्दीने मशीन इतकं निकामी ठरणार असेल तर अवघड आहे हो. सर्दी तर वर्षातून चारदा होईल. त्या दिवसांत मुलांची बस तुमच्या हाती कशी द्यायची?" आणि पेन कागदावरच्या 'अपात्र' या रकान्याकडे निघालं.

"सर्दी नव्हती," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांचा हात दाबला. तो त्यांनी सोडवून घेतला, पर्समधून पेस्टिंगचा तो तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "मी केलं हे. फिल्टर संपले होते. हे मला त्याच्यासारखंच दिसलं, म्हणून मी कापून बसवलं. यांची काही चूक नाही आणि मशीनचीही नाही. माझीच आहे." एवढं बोलताना त्यांना धाप लागली. तेवीस वर्षांचं एकदम निघालं होतं ते.

डॉक्टरांनी तुकडा उचलला, उजेडात धरला, फुंकर मारली. "शिवण सुरेख आहे," ते म्हणाले. मग पुन्हा स्क्रीनकडे वळले. तुकडा बसला तो दिवस आणि निघाला तो दिवस त्यांनी बाईंना विचारून घेतले आणि ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिले. तंतोतंत जुळत होते. शेवटचे सहा दिवस पहिल्या दिवसांसारखेच सरळ होते. पेन 'अपात्र'वरून उठलं आणि शेजारच्या रकान्यात गेलं. तिथे खूण करून डॉक्टरांनी कागद फिरवला आणि बाईंच्या पुढे सरकवला. खाली एक ओळ होती: मशीनची देखभाल करणाऱ्या व्यक्तीची सही.

"मी करू?" बाईंना खरं वाटेना. "एवढं झाल्यावरही?"

"बाकीचे एक्क्याऐंशी दिवस फिल्टर कोण बघत होतं?"

"मीच."

"मग करा सही. बिघडलं की येऊन सांगणारं माणूस मला हवंय."

बाईंनी सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. डॉक्टरांचे आभार मानायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

खाली उतरताना जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या. मनात आठवडाभर सलत होतं ते बाहेर आलं. "अहो, नऊ दिवस जीव घुसमटत होता, तर तो मास्क काढून का नाही टाकलात?"

"मास्कमध्ये आवाज तरी दबत होता. काढला असता तर घोरलो असतो," नवरा म्हणाला.

"मग?"

"मग तू जागी झाली असतीस. इतक्या वर्षांनी झोपायला लागली होतीस."

बाईंनी त्याचा दंड धरला आणि दोघं उरलेल्या पायऱ्या हळूहळू उतरले.